व्यसनमुक्ती केंद्र बघायला निघण्याआधी

एक वही घ्या. फोनमध्ये लिहू नका. घरातला फोन चार जणांच्या हातात फिरतो आणि ज्याच्यासाठी हे चाललंय त्याच्या हातात तर हमखास जातो. केंद्रांची नावं नंतर, पहिलं पान माणसाचं. काय घेतो, किती, किती वर्षं, दिवसातला पहिला पेग कधी. सकाळी हात थरथरतात का आणि क्वार्टर पोटात गेल्यावर थांबतात का. आधी कधी बंद केली होती तेव्हा फिट आली होती का, भिंतीवर किडे दिसले, कुणी हाका मारतंय असं वाटलं, असं काही झालं होतं का. शुगर, बीपी, होऊन गेलेली कावीळ. झोपेच्या गोळ्या घेत असेल तर त्यांच्या रिकाम्या पट्ट्या पिशवीत टाका, कारण रोजची अल्प्राझोलाम अचानक तोडली तरी फिट येऊ शकते आणि दारूच्या गडबडीत ही गोष्ट डॉक्टरांना सांगायची राहून जाते. आधार कार्ड, जुने रिपोर्ट वगैरे तुम्हाला कळतंच.

आता शोध. गूगलवर टाकलं की वरची पाच-सहा नावं जाहिरातींची. फोन लावलात की समोरचा गोड आवाजात पेशंटचं वय विचारतो आणि लगेच बजेट. पुष्कळदा तो केंद्रातला नसतोच, तुमचा नंबर पुढे देऊन कमिशन घेणारा असतो. 'मुंबईतलं सेंटर' म्हणजे अंधेरीला टेबल-खुर्ची आणि खाटा कर्जत-बदलापूरकडच्या बंगल्यात, असंही निघतं. बंगला वाईटच असतो असं नाही, पण तिथून जवळचं आयसीयू किती लांब हे बघावं लागतं. म्हणून फोनवर पहिला प्रश्न: खाट नेमकी कुठे, पूर्ण पत्ता सांगा. दुसरा: नोंदणी कुणाकडे आणि नंबर काय. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात दारू-ड्रग्जच्या व्यसनातून येणारे आजारही धरलेले आहेत, त्यामुळे अशा रुग्णांना ठेवून उपचार करणाऱ्या संस्थेची राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी लागते. 'आमचा ट्रस्ट रजिस्टर्ड आहे' हे त्याचं उत्तर नव्हे. ट्रस्ट तर गणेशोत्सव मंडळाचाही असतो.

तिसरा प्रश्न वहीच्या प्रत्येक पानावर वरच्या ओळीत लिहून ठेवा. रात्री दोन वाजता डॉक्टर कोण?

दादाच्या वेळी आम्ही जेवण विचारलं, बाग बघितली, योगाचे वर्ग, भेटीचा रविवार, टीव्ही, सगळं. हे एक राहिलं. दाखल केल्यावर तिसऱ्या रात्री फोन आला, 'तुमचा पेशंट कंट्रोलमध्ये नाही, येऊन घेऊन जा.' बाहेर धो धो पाऊस, शेवटची लोकल निघून गेलेली. आम्ही पोचलो तेव्हा त्याच्या उशाशी एक बरा झालेला जुना पेशंट बसला होता, टॉवेल ओला करून कपाळावर ठेवत. मुलगा प्रेमळ होता. पण ते काम त्याचं नव्हतं.

हे इतकं का ताणतोय ते सांगतो. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू थांबली की सहा ते चोवीस तासांत घाम, थरथर, उलट्या, झोप उडणं सुरू होतं. फिट यायची असेल तर बहुतेक पहिल्या दोन दिवसांत येते. त्यानंतर, साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसात, काहींना डॉक्टर ज्याला डीटी म्हणतात ते होतं: ताप, नाडी धावते, माणूस कुठे आहे हे त्याला कळत नाही, नसलेली माणसं दिसतात. यात जीव जाऊ शकतो. आणि यावर उपचार आहेत, ठरलेले आहेत, जुने आहेत: क्लोरडायझेपॉक्साइड किंवा लोराझेपामसारखी गोळी मोजून द्यायची, हळूहळू उतरवायची, थायमिनचं (बी-१ जीवनसत्त्वाचं) इंजेक्शन, क्षार आणि पाणी सांभाळायचं, नाडी-बीपी बघत राहायचं. हे बघत राहणारा माणूस रात्री जागा लागतो. योगा सकाळी सहाला असतो, फिट कधीही येते.

यातूनच दोन गोष्टी. 'दोन दिवस घरात कोंडून कोरडा करू, मग नेऊ' हा उद्योग करू नका. आमच्या चाळीतल्या प्रत्येक वडीलधाऱ्याने हाच सल्ला दिला होता. दुसरं, शुक्रवारी संध्याकाळी दाखल करू नका. नोकरदार घरांना शुक्रवार सोयीचा वाटतो, रजा पडत नाही. पण हिशेब करा: सगळ्यात वाईट रात्री शनिवार-रविवारच्या येतात, आणि 'आमचे डॉक्टर रोज येतात' यातल्या 'रोज'मध्ये रविवार असतो का ते कुणी विचारत नाही. सोमवारी सकाळी न्या, रजा टाका. आधी फिट येऊन गेलेली असेल, किंवा आत्ताच बरळतोय, ताप आहे, तर मात्र वार बघू नका आणि केंद्रही शोधू नका. सरळ हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत.

मुंबईत राहून सरकारी आणि पालिकेची हॉस्पिटलं यादीत न घेणं हा वेडेपणा आहे. केईएम, सायन, नायर, जेजे, कूपर, सगळीकडे मानसोपचार विभाग आहे. सकाळी लवकर जा, केसपेपर काढा, रांग लागेल. वॉर्ड चकचकीत नसतो, खाट मिळेलच असं नाही, आणि बहुधा घरचं एक माणूस सोबत राहायला लागतं. पण रात्री दोन वाजता रेसिडेंट डॉक्टर त्याच इमारतीत असतो आणि आयसीयूही. हा प्रश्न तिथे विचारावाच लागत नाही. माझं मत विचाराल तर दारूच्या जुन्या पेशंटसाठी दोन टप्पे वेगळे करा: आधी आठ-दहा दिवस हॉस्पिटलमध्ये शरीर सावरू द्या, मग केंद्र. शरीर सावरलं म्हणजे व्यसन गेलं असं मात्र नाही, केंद्राचं खरं काम तिथून पुढे आहे.

नावाजलेल्या संस्था तुम्हाला कुणीतरी सांगेलच. वांद्र्याला माउंट कार्मेल चर्चच्या आवारात फादर जो परेरांनी १९८१ साली सुरू केलेलं कृपा फाउंडेशन आहे, अय्यंगार योगावर त्यांचा भर. पुण्यात येरवड्याला डॉ. सुनंदा आणि अनिल अवचटांनी १९८६ मध्ये उभं केलेलं मुक्तांगण. मुंबईतली कितीतरी घरं तिकडे गेलीत. लांब ठेवल्याचा एक फायदा असतो, पिणारे मित्र भेटीला येत नाहीत. तोटा हा की घरच्यांनी समुपदेशनाला यायचं म्हटलं की दिवस जातो. केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय खात्याच्या अनुदानावर स्वयंसेवी संस्था चालवतात तीही केंद्रं आहेत. पत्ता हवा तर १४४४६ ही व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन, फुकट. मनाची अवस्था बिकट असेल, तुमची किंवा त्याची, तर १४४१६, टेलिमानस, मराठीत बोलतात. नाव कितीही मोठं असो, फोनवर तो रात्री दोनचा प्रश्न विचारायचाच. पाल्हाळ ऐकून घेऊ नका. 'डॉक्टर ऑन कॉल आहेत' असं म्हणाले तर पुढचं विचारा: कॉल केल्यावर किती मिनिटांत येतात, राहतात कुठे, आणि तोवर इंजेक्शन द्यायला नर्स आहे की वॉर्डबॉय?

ब्राउन शुगर, गर्द किंवा अफूच्या जातीच्या गोळ्यांचं प्रकरण असेल तर प्रश्न थोडे बदलतात. बुप्रेनॉर्फिन (या नशेची तलफ आवरणारं औषध) देता का, तुमचे मानसोपचारतज्ज्ञ कोण. 'आम्ही औषधाशिवाय करतो' हे अभिमानाने सांगणाऱ्याकडून उठून या. आणि महिना-दोन महिने बंद राहिलेल्याने बाहेर येऊन जुन्याच मापाने घेतली तर तो मरू शकतो, कारण शरीराची सवय मोडलेली असते. ही धोक्याची सूचना केंद्र स्वतःहून देतं का बघा. बाईसाठी शोधत असाल तर वेगळा विभाग आणि रात्री स्त्री कर्मचारी आहे का, हे आधी विचारा. पर्याय निम्म्याहून कमी होतील.

फोनवरून दोन-तीन उरली की प्रत्यक्ष जा. न सांगता जमलं तर उत्तम, निदान दुपारच्या जेवणानंतरच्या सुस्त वेळी. संडासाच्या दाराला आतून कडी आहे का, खिडक्यांना काय लावलंय, जिन्याला बाहेरून कुलूप असेल तर आग लागल्यावर किल्ली कुणाकडे. पेशंट तुमच्याकडे बघतात की नजर खाली. मग नाडी-बीपीचा तक्ता बघायला मागा, नाव झाकून. (नाव न झाकता समोर टाकला तर उद्या तुमच्या माणसाचाही असाच टाकतील.) तक्त्यात रात्री दहा, दोन, सहाच्या नोंदी बघा. वेगवेगळी पेनं, वेगवेगळी अक्षरं, एखादी खाडाखोड असेल तर कुणीतरी खरंच उठलं होतं. सगळे रकाने एकाच निळ्या पेनाने, एका तिरकेपणात, १२०/८०, १२०/८०, १२०/८० असे उतरत गेलेले दिसले की समजा सकाळी चहा पिताना भरलेत. माहितीपत्रकापेक्षा हा कागद जास्त बोलतो.

तिथेच कायद्याचं विचारून घ्या. 'उचलून आणायची सोय आहे, चार पोरं पाठवतो' असं कुणी म्हणालं की ते केंद्र खोडा. माणूस तयार नसताना ठेवायचं तर २०१७ च्या त्या कायद्यात वाट आहे, पण ती नेमलेल्या प्रतिनिधीच्या अर्जाने जाते, दाखल करताना किंवा आधीच्या सात दिवसांत दोन तज्ज्ञांनी वेगवेगळं तपासावं लागतं, त्यातला एक मानसोपचारतज्ज्ञ, आणि स्वतःला किंवा दुसऱ्याला धोका असल्यासारखी गंभीर कारणं लागतात. तेही तीस दिवसांपर्यंत. पुढे ठेवायचं तर वेगळी तरतूद आहे. साखळीने बांधणं पूर्ण बंद. घरच्यांना पत्र-फोन करायचा हक्क त्याला आहे, म्हणून 'पहिला महिना फोन नाही' हा नियम ऐकलात तर तो कुठल्या कलमाने, ते विचारा. चेहरे बघण्यासारखे होतात.

दारू सुटावी म्हणून चहात गुपचूप घालायची पावडर विकणाऱ्यांबद्दल एकच. तिच्यात काय असतं ते पाकिटावर नीट लिहिलेलंही नसतं, आणि डायसल्फिराम असेल तर त्यावर दारू प्यायल्यावर बीपी कोसळू शकतं. ते औषध खरं आहे, उपयोगी आहे, पण घेणाऱ्याला माहीत असताना, त्याच्या संमतीने, डॉक्टरच्या देखरेखीखाली. वहिनी अशी पुडी घेऊन आली होती. आईने ती मोरीत ओतली हे बरं केलं.

पैसे. महिन्याचा आकडा सांगतात त्यात औषधं, रक्ततपासण्या, मानसोपचारतज्ज्ञाची फी आहे का. मध्येच हॉस्पिटलात हलवावं लागलं तर गाडी कुणाची, बिल कुणाचं. आठ दिवसांत घरी आणला तर आगाऊ भरलेल्यातलं किती परत. लेखी. मेडिक्लेमवर विसंबू नका. मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखाच विमा द्या असं कायदा म्हणतो खरा, पण पॉलिसीत वगळलेल्या प्रमाणित बाबींची यादी असते, तिच्यात १२ वा क्रमांक दारू-ड्रग्जच्या व्यसनावरच्या उपचारांचा आहे. आपली पॉलिसी काढून तो क्रमांक वाचा, एजंटला विचारत बसू नका. '९५ टक्के रिझल्ट' म्हणाले तर विचारा, किती महिन्यांनी मोजला आणि कुणी.

तुलना करताना खोलीला दोन गुण द्या, जेवणाला दोन, अंतराला तीन, असले तक्ते आम्हीही केले. करू नका. रात्रीच्या डॉक्टरचं उत्तर धड नसेल तर बाकीचे गुण शून्य, पुढचं केंद्र. बाग कितीही सुंदर असो.

दाखल करायच्या दिवशी: वहीच्या पहिल्या पानावरची माहिती झेरॉक्स काढून डॉक्टरच्या हातात द्या, तोंडी सांगितलेलं राहतं. शेवटची दारू कधी घेतली ती वेळ लिहा, तास मोजायला तीच लागते. चष्मा, दातांची कवळी, रोजच्या गोळ्या. तंबाखू चालते का ते आधी ठरवा, नाहीतर पहिलं भांडण त्यावर. रात्रीपाळीच्या माणसाचं नाव आणि थेट नंबर घ्या, रिसेप्शनचा नको. त्याच रात्री अकराला एकदा लावून बघा, उचलतो का.

सुटी होताना औषधांची चिठ्ठी, पुढची तारीख, फॉलोअप कुठे, मुंबईत आहे का. पुन्हा पिणं होऊ शकतं, तेव्हा परत घेतात का आणि कितीला, हे आजच विचारा. एएच्या (अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, दारू सोडू बघणाऱ्यांनी एकमेकांना आधार द्यायचा गट) सभा शहरात जवळपास रोज कुठे ना कुठे असतात, शाळेत नाहीतर चर्चच्या हॉलमध्ये, मराठीतल्याही आहेत, फी नाही. घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉन वेगळं. तिथे वहिनीने एकटीने जायलाही हरकत नाही, तो सुधारलेला असो वा नसो.