आक्रसलेल्या सेल्युलॉइड मुठीची दुरुस्ती

जुन्या अमेरिकन घडीच्या चाकूत मूठ आणि बोल्स्टर, म्हणजे मुठीच्या टोकाचा धातूचा ठोकळा, यांच्यात केसभर फट दिसू लागली, तर ती बुजवण्याआधी मूठ कशाची आहे हे पाहावे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील रंगीत किंवा मोतिया झाक असलेल्या अशा मुठी बहुधा सेल्युलॉइडच्या असतात. जॉन वेस्ली हायट यांनी १८७० च्या सुमारास अमेरिकेत विकसित केलेला हा पदार्थ नायट्रोसेल्युलोज आणि कापूर यांपासून बनतो. देवघरातला कापूर डबीत ठेवूनही उडतो, तसाच तो मुठीतूनही वर्षानुवर्षे उडत राहतो. मूठ आक्रसते, आणि रिव्हेटने, म्हणजे ठोकून बसवलेल्या धातूच्या खिळीने, जखडलेली असल्यामुळे नेमकी रिव्हेटपाशीच तडकते. उडालेला कापूर परत येत नाही, म्हणून मूठ गरम करून ताणण्याच्या फंदात पडू नये.

मूठ नुसती आक्रसली आहे की कुजू लागली आहे, हे ओळखणे सर्वांत महत्त्वाचे. चाकू उघडून पाहावा. मुठीलगतचे एकच पाते गंजले असेल आणि रिव्हेटभोवती, कल्हई गेलेल्या पितळी भांड्यात धरतो तसा हिरवा थर दिसत असेल, तर सेल्युलॉइडमधून नायट्रोजनची ऑक्साइडे बाहेर पडून दमट हवेत त्यांचे आम्ल होत आहे. अशी मूठ काढावीच लागते, आणि तोवर तो चाकू इतरांसोबत बंद पेटीत ठेवू नये.

नुसती फट असेल, तर मुठीच्या रंगाची पूड मिसळलेले, सावकाश सुकणारे इपॉक्सी, म्हणजे दोन भाग मिसळून वापरायचा घट्ट डिंक, भरणे पुरेसे आहे. ॲसिटोनने मात्र कधीही पुसू नये. त्यात सेल्युलॉइड विरघळते.

मूठ काढताना ग्राइंडर वापरू नये. सेल्युलॉइड पटकन पेट घेते. पुण्यात २००३ साली जुन्या चित्रपटांचा साठा ज्या आगीत गेला, त्या फिती याच नायट्रोसेल्युलोजच्या होत्या. पातळ पटाशीने तुकडे उचकटावेत. स्प्रिंग धरणारा मधला रिव्हेट तसाच उभा ठेवावा, कारण तो निघाला की सगळा चाकू सुटा होतो. उघड्या पडलेल्या पितळी पत्र्यावर खायच्या सोड्याचे पाणी फिरवून तो धुवावा आणि पूर्ण कोरडा करावा.

नव्या मुठीसाठी हाड किंवा मायकार्टा, म्हणजे राळेत भिजवलेल्या कापडाचे थर दाबून केलेला कडक पदार्थ, मला योग्य वाटते. डेल्रिन हे कडक प्लॅस्टिक टिकाऊ असले तरी इपॉक्सीला नीट धरत नाही. पट्टी किंचित लांब कापावी, रिव्हेटच्या डोक्याच्या मापाचे भोक पाडावे, आणि दिव्यासमोर धरल्यावर बोल्स्टरलगतच्या सांध्यातून उजेड दिसेनासा होईपर्यंत तिची कड कानशीने थोडी थोडी घासावी. मग इपॉक्सी लावून, स्प्रिंगमध्ये उतरणार नाही याची काळजी घेऊन, शिकंज्यात २४ तास आवळून ठेवावे.