चहा आवडत नाही? मग हे करून बघा
चहा नको म्हटलं की पुण्यात लोक आधी ग्रीन टी पुढे करतात, पण तो त्याच झाडाचा, तोच तुरटपणा, त्यामुळे तिथे पैसे घालवू नका. आधी बघा की चहातलं नक्की काय खटकतं. तुरट-कडू लागत असेल तर गवती चहा घ्या (नावालाच चहा हो), मंडईत जुडी मिळते. दोन-तीन पाती कात्रीने कापून, आल्याचा तुकडा ठेचून पाच मिनिटं उकळायचं, दूध-साखर काही नको, लिंबासारखा मस्त वास येतो. आंबट आवडणाऱ्यांनी वाळलेली लाल अंबाडीची बोंडं घ्यावीत, दुकानात हिबिस्कस टी म्हणून विकतात, रंग एकदम लालभडक आणि थंड करून तर सरबतच. गोडाकडे ओढा असेल तर चमचाभर बडीशेप खलबत्त्यात जरा भरडून गरम पाण्यात टाका, साखर लागतच नाही. ज्येष्ठमधही गोड असतं पण बीपीवाल्यांनी रोज घेऊ नये.
आणि मेन गोष्ट, पुदिना-तुळस असली पानं खळाखळा उकळू नका, गॅस बंद करून टाका आणि वर झाकण ठेवा, पाचेक मिनिटं. झाकण नसेल तर सगळा वास वाफेबरोबर जातो, मग लोक म्हणतात नुसतं गरम पाणी लागतंय! दालचिनी, सुंठ मात्र उकळावीच लागते. एकदम मोठी पाकिटं आणू नका, आधी घरातल्या मसाल्याच्या डब्यातलं आणि कुंडीतलं संपवा.