कोकणात पहिल्यांदा पॅरासेलिंग करताय? आधी वारा, दोर आणि बोट बघा

तारकर्ली असो, नागाव असो की गणपतीपुळे, गाडीतून उतरून वाळूवर येईपर्यंत कोणीतरी रेटकार्ड घेऊन समोर उभा राहतो. बनाना राईड, बंपर, जेट स्की आणि या सगळ्यांत महाग पॅरासेलिंग. मुलं हट्ट धरतात, आजी ‘नको रे बाबा’ म्हणते, शंभर-दोनशे रुपयांवरून घासाघीस होते आणि दहा मिनिटांत सगळे जॅकेट घालून बोटीत. घासाघीस जरूर करा. पण त्याआधी अर्धा तास किनाऱ्यावर उभं राहून काय काय बघायचं, ते सांगण्यासाठी हा लेख आहे.

पॅरासेलिंगमध्ये उडणाऱ्याला काहीही यावं लागत नाही. पॅराग्लायडिंगसारखी छत्री वळवायची नसते, झेप घ्यायची नसते. तुम्ही पट्ट्यांच्या हार्नेसमध्ये बसता, बोट पळते, छत्रीत वारा भरतो आणि पतंगाला ढील द्यावी तसा बोटीवरून दोर सुटत जातो. वर गेल्यावर सगळं बोटवाल्याच्या हातात. म्हणजे तुमच्या हातात जे काही आहे, ते उडण्याआधीच: कोणता दिवस, कोणती वेळ आणि कोणाची बोट.

दिवस आणि वेळ

हंगाम ऑक्टोबर ते मे. मेच्या अखेरीपासून ऑगस्ट संपेपर्यंत किनाऱ्यावरच्या जलक्रीडा बंद असतात. माझं मत विचाराल तर मेचा शेवटचा आठवडा आपणहून सोडून द्यावा. मान्सून उंबरठ्यावर असतो आणि समुद्र कधी फिरेल, सांगता येत नाही. 24 मे 2022 ला तारकर्लीत पर्यटकांची स्कूबा डायव्हिंगची बोट उलटून जीव गेले, ते याच दिवसांत. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सगळ्यात चांगला.

वेळ सकाळचीच घ्या. शाळेच्या भूगोलात मतलई वारे आणि खारे वारे शिकलो, ते इथे प्रत्यक्ष उपयोगी पडतात. रात्री जमीन लवकर थंड होते, म्हणून पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे हलका वाहतो. ऊन चढलं की जमीन तापते आणि वारा उलटून समुद्राकडून येऊ लागतो. हा खारा वारा दुपारनंतर जोर धरतो, मार्च ते मेमध्ये तर फारच. साधारण आठ ते साडेदहा ही वेळ गाठली तर वारा बेताचा मिळतो, पाणी शांत असतं आणि ऊनही सोसवतं. जेवून तीन वाजता जाऊ म्हणणाऱ्यांच्या वाट्याला दिवसातला सगळ्यात वाईट वारा येतो.

वाऱ्याबद्दल एक गणित लक्षात ठेवा. छत्रीला लागणाऱ्या वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की छत्रीवरची ओढ दुप्पट होत नाही, चौपट होते. छत्रीला ताशी 15 किलोमीटरचा वारा लागत असताना जो दोर आरामात काम करतो, त्याला 30 चा वारा लागला की चौपट ताण सोसावा लागतो. म्हणून ‘थोडासाच वाढलाय’ यात थोडंसं काही नसतं. मोबाईलमध्ये विंडीसारखं ॲप असेल तर आदल्या रात्री बघा. नुसता सरासरी वेग नको, झोताचा, म्हणजे मध्येच अचानक येणाऱ्या जोरदार वाऱ्याचा वेगही बघा. हवामान खात्याने मच्छीमारांना समुद्रात जाऊ नका असा इशारा दिला असेल, तर तो तुमच्यासाठीही आहे.

ॲप नसेल तरी डोळे आहेत. पाण्यावर जागोजागी पांढरे फेसाळ तुरे दिसू लागले की वारा ताशी 20 किलोमीटरच्या आसपास गेला, असं समजा. ते तुरे सगळीकडे झाले तर पहिल्यांदा उडणाऱ्याने त्या दिवशी नाद सोडावा. क्षितिजावर काळा ढग किंवा विजेचा लखलखाट दिसला तर तो कितीही लांब असला तरी थांबा. अशा ढगाच्या पुढे येणारा झोत बोट किनाऱ्याला लागायच्या आत गाठतो.

भरती-ओहोटीचाही अंदाज असू द्या. आपल्या किनाऱ्यावरचा जुना हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. गावागणिक थोडा फरक पडतो, पण अंदाजाला पुरे. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, पाण्याची ओढ जास्त असते आणि देवबागच्या संगमासारख्या खाडीच्या मुखाशी ती फारच जाणवते. अष्टमीच्या अलीकडचे-पलीकडचे भांगाचे, म्हणजे भरती-ओहोटीत फरक कमी असण्याचे दिवस शांत. घरात कालनिर्णय असतंच. हॉटेल बुक करण्याआधी एकदा तिथी बघायला काय हरकत आहे?

बोटीवरून की वाळूवरून

कोकणात दोन पद्धती दिसतात. एकात वाळूवरूनच उड्डाण होतं: जीप किंवा बोट पुढे ओढते, तुम्ही चार पावलं पळता आणि वर उचलले जाता. उतरायचंही वाळूवरच. दुसऱ्या पद्धतीत बोटीच्या मागच्या फलाटावरून वर जायचं आणि तिथेच परत यायचं. या बोटीवर विंच असतो, म्हणजे दोर गुंडाळणारं आणि सोडणारं यंत्र. त्यामुळे तुमचं वर-खाली होणं बोटीच्या वेगाबरोबरच विंचवरही चालतं.

पहिल्यांदा करणाऱ्याने विंचची बोटच निवडावी, असं मी ठामपणे सांगेन. वाळूवर काही बिघडलं तर खाली जमीन असते, मागे सुरूची झाडं, रिसॉर्टची छपरं आणि विजेच्या तारा. पॅरासेलिंगच्या अपघातांत पाण्यात पडण्यापेक्षा कठीण वस्तूवर आदळणं जास्त घातक ठरतं. बोट किनाऱ्यापासून पुरेशी लांब असेल तर खाली फक्त पाणी असतं. म्हणून विंचची बोटसुद्धा किनाऱ्याला चिकटून उडवत असेल तर तीही नको.

दोर बघायचा, तो असा

आधीच्या गिऱ्हाईकाचं उड्डाण किनाऱ्यावरून पूर्ण बघा. फेऱ्यांमध्ये घाई चालली आहे का, माणूस फलाटावर अलगद उतरतो की आपटतो, बोटीवर माणसं किती, हे सगळं तिथूनच कळतं. किमान दोन माणसं हवीत: एक बोट चालवणारा आणि एक सतत छत्रीकडे बघणारा. एकटाच माणूस सुकाणू धरून मागे वळून वळून बघत असेल तर त्या बोटीत चढू नका.

बोटीवर गेलात की दोर बघायला मागा. यात संकोच नको. चांगला बोटवाला उलट खूश होतो. दोराचा सगळ्यात जास्त झिजणारा भाग हार्नेसकडचा, शेवटचे काही मीटर. त्यावर हात फिरवा. तंतू कापसासारखे फुगून आलेत का, कुठे चपटा किंवा कडक झालाय का, रंग उडून पांढुरका पडलाय का? खारं पाणी, ऊन आणि वाळूचे कण दोराला आतून खातात. आणि गाठ: कुठलीही गाठ मारली की त्या जागी दोराची ताकद बरीच घटते, त्यामुळे तुटला तर तो बहुतेक वेळा गाठीपाशीच तुटतो. टोकाला एक नीट बांधलेली गाठ असणारच, पण मध्येच दोन तुकडे जोडलेली गाठ दिसली तर सरळ उतरा. काळजी घेणारे लोक शेवटचा झिजलेला भाग वेळोवेळी कापून टाकतात आणि नव्याने बांधतात. ‘शेवटचं टोक कधी कापलंत?’ असा प्रश्न विचारा. उत्तर पटकन आणि नेमकं आलं तर समोरचा माणूस आपलं काम जाणतो.

हे सांगण्याचं कारण आहे. नोव्हेंबर 2021 मध्ये अलिबागजवळच्या वरसोलीला पॅरासेलिंग चालू असताना दोर तुटला आणि दोन महिला समुद्रात पडल्या. त्याच महिन्यात दीवच्या नागवा बीचवर एका जोडप्याचंही तसंच झालं. दोन्हीकडे अंगात लाइफ जॅकेट होतं, खाली पाणी होतं आणि माणसं वाचली.

कागदपत्रांचं थोडक्यात. किनाऱ्यावरच्या जलक्रीडांना महाराष्ट्र सागरी मंडळाची परवानगी लागते आणि राज्याच्या 2021 च्या साहसी पर्यटन धोरणानुसार व्यावसायिकांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची असते. परवाना दाखवा म्हणा. विमा आहे का, ते विचारा. पैसे रेटकार्डवाल्या एजंटाकडे देण्यापेक्षा बोटवाल्याशी बोलून द्या, आणि वारा वाढल्यामुळे रद्द झालं तर पैसे परत मिळतील का, ते आधीच ठरवा. ज्याचे पैसे परत मिळणार असतात, तो वाऱ्याला बघून शहाणपणाने माघार घेतो. पैसे अडकले की माणूस धोका पत्करतो. ‘वारो वाढलो हा, आता नको,’ असं सांगून गिऱ्हाईक परत पाठवणारा मालवणचा बोटवाला भेटला तर त्याचा नंबर जपून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्याकडेच जा.

कोणी उडू नये, काय घालावं

गरोदर बायका, हृदयविकार किंवा ताब्यात नसलेला रक्तदाब असणारे, फिट येणारे, पाठीचा किंवा मानेचा त्रास असणारे, नुकतीच शस्त्रक्रिया झालेले यांनी उडू नये. दारू घेतलेल्यानेही नाही. वजनाची मर्यादा प्रत्येक बोटीची वेगळी असते, ती खरं वजन सांगून विचारा. लहान, हलक्या मुलाला एकट्याने पाठवू नका. मोठ्या माणसाबरोबर जोडीने पाठवा.

पोट अगदी रिकामं नको आणि भरलेलंही नको. दोन घावणे आणि चहा पुरे, सुरमईची थाळी नंतर. ओढणी, साडी, गळ्यातली चेन, मंगळसूत्र, सैल चपला खोलीवर ठेवा. चष्म्याला मागून दोरी बांधा. मोबाईल वर नेऊ नका. व्हिडिओ बोटीवरच्या माणसाला काढू द्या.

प्रत्यक्ष उड्डाण

आधी लाइफ जॅकेट, त्यावर हार्नेस. जॅकेटची सगळी बकलं लावा. खांद्यापाशी धरून कोणाला तरी वर ओढायला सांगा. कानापर्यंत सरकलं तर सैल आहे. हार्नेसचे मांड्यांचे पट्टे मांडीच्या वरच्या भागात, बसल्यावर भार त्यांच्यावर येईल असे हवेत. हार्नेस दोन्ही बाजूंनी छत्रीखालच्या आडव्या दांड्याला लोखंडी हुकांनी अडकवतात. ते हुक बंद होऊन त्यांचं कुलूप बसलंय, हे स्वतःच्या डोळ्यांनी बघा. हार्नेस सोडायचा कसा, तेही इथेच विचारून घ्या आणि खुणा ठरवा: अंगठा वर म्हणजे छान चाललंय, अंगठा खाली म्हणजे उतरवा.

फलाटावर बसा, पट्टे हलके धरा, गुडघे थोडे वाकवा. उडी मारायची नाही. बोट वेग घेते, छत्री तुम्हाला बसल्या जागेवरून उचलते आणि इंजिनाचा आवाज हळूहळू मागे पडतो. पहिले काही सेकंद पोटात गोळा येतो. बोटीकडे न बघता लांब क्षितिजाकडे बघितलं की तो जातो. ‘तीनशे फूट उंची’ असं रेटकार्डावर असतं, ती बहुधा दोराची लांबी असते. दोर तिरका असल्याने उंची नेहमी कमीच: 100 मीटर दोर 45 अंशांत असेल तर तुम्ही साधारण 70 मीटरवर असता, 30 अंशांत 50 वर. तेवढंही भरपूर आहे. मालवणला उडत असाल तर कुरटे बेटावरचा सिंधुदुर्ग नकाशात बघावा तसा दिसतो, तटाची वळणं एकेक मोजता येतात. 1664 मध्ये ही जागा का निवडली असेल, ते वरून लगेच कळतं: भोवती पाण्यात दडलेले खडक काळे डाग होऊन दिसतात. देवबागकडे एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी आणि मध्ये माडांची चिंचोळी पट्टी. हवेत मिनिटं थोडीच मिळतात, ती पट्टे घट्ट आवळून घालवू नका.

खाली आणताना बोटवाले पाय पाण्यात बुडवतात. नको असेल तर आधी सांगा, हवं असेल तर तोंड बंद ठेवा. फलाटावर उतरताना पाय पुढे, गुडघे वाकलेले, आणि माणूस हात धरेपर्यंत उठू नका.

दोर तुटलाच तर

छत्री डोक्यावर असते, ती पॅराशूटसारखी तुम्हाला सावकाश खाली आणते. हवेत कुठलंही बकल सोडू नका. पाण्याजवळ येताना पाय जुळवा, गुडघे वाकवा, श्वास भरून घ्या. पाण्यात पडल्यावर छत्रीच्या दोऱ्यांपासून लांब सरका आणि छत्री वाऱ्याने ओढू लागली तर हार्नेस सोडून मोकळे व्हा. जॅकेट तरंगवतं, बोट येईपर्यंत हातपाय झाडून दमू नका. किनाऱ्यावर थांबलेल्या घरच्यांनी 112 आणि तटरक्षक दलाचा 1554 हे नंबर मोबाईलमध्ये ठेवावेत.

बोटीवर परत आल्यावर पाणी प्या आणि घरातल्या दुसऱ्याची पाळी असेल तर त्याचे हुक तुम्ही तपासा. मुक्काम दोन रात्रींचा असेल तर पॅरासेलिंग पहिल्याच सकाळी ठेवा, म्हणजे वारा आडवा आला तर दुसरी सकाळ हातात राहते. व्हिडिओ मात्र जेट्टीला लागायच्या आत मोबाईलमध्ये घ्या. पुढची गिऱ्हाईकं चढली की तो मिळायला संध्याकाळ होते.