केज आणि धारूर म्हणजे केज किंवा धारूर

"ताई, केज आन् धारूरची घरं काढून ठेवा, सकाळी लवकर निघायचंय." आमच्या सर्व्हेतल्या घरांच्या यादीसाठी असा फोन आला की मी आता आधी पेन उचलते, लॅपटॉप नंतर. पहिल्या वर्षी उलटं केलं होतं. ऐकलं तसंच फिल्टरमध्ये टाकलं: तालुका केज आणि तालुका धारूर. यादीत एकही घर नाही. डेटाच उडाला असं वाटून रात्री दहा वाजता मी सगळ्या फायली पुन्हा उतरवत बसले होते.

डेटा जागेवरच होता. बोलताना आपण 'आणि' म्हणतो तेव्हा दोन याद्या जोडत असतो. फिल्टर मात्र एकेका घरासमोर थांबून विचारतं: हे घर केजमध्ये आहे का, आणि हेच घर धारूरमध्येही आहे का? असं घर कुठून येणार? म्हणून एकाच रकान्यातली दोन उत्तरं हवी असली की 'किंवा'. वेगवेगळ्या रकान्यांवरच्या अटी एकाच घराला लागू व्हायच्या असल्या की 'आणि'.

'सोडून' आलं की पुन्हा उलटं. "केज, धारूर सोडून बाकीची द्या" म्हणजे केज नाही 'आणि' धारूर नाही. इथं 'किंवा' ठेवलंत तर सगळा जिल्हा आत येतो, कारण केजचं घर धारूरचं नसतं, तेवढ्यावर ते पास होतं.

आमच्या कार्यकर्त्या वाड्या-तांड्यांवर फिरून मोबाइलवर कोबोटूलबॉक्स या सर्व्हेच्या सॉफ्टवेअरचा फॉर्म भरतात आणि मी अंबाजोगाईत बसून तो डेटा एक्सेलमध्ये घेते. तुमचं सॉफ्टवेअर वेगळं असेल, पण कंसाची भानगड सगळीकडे तीच. माझी फजिती सांगते.

दिवाळीच्या आगेमागे आमच्याकडून कोयता निघतो. कोयता म्हणजे ऊसतोडीला जाणारं जोडपं; मुकादमाच्या हिशेबात ते एकच. ती गेली की गावात कोण उरतं ते बघायचं होतं. मागणी अशी: स्थलांतर करणारी, आणि घरात सहा वर्षांखालचं मूल किंवा साठीपुढचं माणूस असलेली कुटुंबं. मी तीन अटी ओळीनं लिहिल्या, कंस नाही. बहुतेक सॉफ्टवेअर 'आणि' आधी सोडवतात, 'किंवा' नंतर. त्यामुळे अर्थ झाला: स्थलांतर करणारी लहान मुलांची घरं, किंवा म्हातारं माणूस असलेलं कुठलंही घर. यादी फुगली, मला वाटलं चांगलं काम झालं. दुसऱ्या दिवशी आमची कार्यकर्ती एका वाड्यासमोर उभी आणि ओट्यावरचे आजोबा तिला विचारतायत, "आम्ही कुठं गेलाव बाई? आम्ही ऊस तोडत नसतो, कारखान्याला घालतो."

तेव्हापासून मी मागणी मराठीत पूर्ण वाक्यात लिहून काढते आणि पेनानं कंस घालते. मगच एक्सेल.

एक्सेलच्या अ‍ॅडव्हान्स्ड फिल्टरमध्ये कंस नसतातच, तिथं अटींचा एक छोटा तक्ता करावा लागतो. वर रकान्यांची नावं, मूळ शीटमध्ये आहेत तश्शीच, कॉपी करून. खाली अटी. एका ओळीतल्या अटी 'आणि'नं जोडल्या जातात, खालची ओळ म्हणजे 'किंवा'. आमच्या मागणीच्या दोन ओळी होतात: पहिलीत स्थलांतर 'हो' आणि सर्वांत लहान सदस्याचं वय सहापेक्षा कमी, दुसरीत स्थलांतर 'हो' आणि सर्वांत मोठ्याचं वय साठ किंवा जास्त. दुसऱ्या ओळीत 'हो' पुन्हा लिहायचा राहिला की आजोबा परत यादीत. आणि अटींचा तक्ता निवडताना खालची एक रिकामी ओळ चुकून आत आली तर सगळाच डेटा पास होतो, कारण रिकाम्या ओळीत अटच नाही.

एक्सेल २०२१ किंवा ३६५ असेल तर फिल्टर नावाचं फंक्शन वापरा. त्यात गुणाकाराचं चिन्ह म्हणजे 'आणि', बेरजेचं म्हणजे 'किंवा'. अट अशी दिसते ('लहान' आणि 'मोठा' म्हणजे सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या सदस्याच्या वयाचे रकाने):

(स्थलांतर="हो")*((लहान<६)+(मोठा>=६०))

आकडे मात्र इंग्रजी कळफलकावरूनच टाका. डेटातलेही. वयाच्या रकान्यात कुणी मराठी ५ टाइप केला आणि तो मजकूर म्हणून साठला, तर एक्सेल त्याला कुठल्याही संख्येपेक्षा मोठा धरतं. पाच वर्षांचं पोर साठीच्या पुढं जाऊन बसतं.

आता 'ऊस'. व्यवसायाच्या रकान्यात आमच्याकडे 'ऊस' म्हणजे बागायतदार आणि 'ऊसतोड' म्हणजे मजूर. अ‍ॅडव्हान्स्ड फिल्टरमध्ये नुसतं ऊस लिहिलं की ऊसपासून सुरू होणारं सगळं येतं, म्हणजे मालक आणि मजूर एकाच यादीत. नेमकं तेवढंच हवं असेल तर त्या चौकटीत ="=ऊस" असं लिहावं लागतं. दिसायला विचित्र आहे, पण चालतं.

एकापेक्षा जास्त उत्तरं निवडता येणाऱ्या प्रश्नात याहून वाईट होतं. उत्पन्नाची साधनं विचारली आणि शेतीचा कोड १, ऊसतोडीचा १० असेल, तर कोबोच्या रकान्यात '२ १०' असे कोड जागा सोडून एकत्र येतात. तिथं '१ असलेले' शोधलं की १० वालेही सापडतात. त्या नादी लागू नका. कोबो प्रत्येक पर्यायाचा वेगळा रकानाही देऊ शकतं, निवडला असेल तर १, नसेल तर ०. त्यावर फिल्टर लावा. "शेतीही करतात आणि ऊसतोडीलाही जातात" ही मागणी तिथं सरळ 'आणि'नं निघते; एकाच प्रश्नाला 'आणि' चालतो तो असा.

सगळ्यात जास्त घोळ रिकाम्या चौकटींचा. 'मुलं सोबत नेता का?' हा प्रश्न स्थलांतर 'हो' म्हणणाऱ्यांनाच विचारला जातो, बाकीच्यांना फॉर्म तो दाखवतच नाही. एक्सेलमध्ये 'हो नसलेली' अशी अट लावलीत तर 'नाही' म्हणणारी घरं येतातच, शिवाय ज्यांना प्रश्न विचारलाच नाही तीही येतात. 'नाही' हवं असेल तर 'नाही' असंच लिहा. वर दिलेल्या सूत्रातही हीच खोड आहे: वयाची चौकट रिकामी असली की एक्सेल तिला शून्य समजतं आणि शून्य सहापेक्षा कमी असतो. म्हणून (लहान<६) च्या जागी ((लहान<>"")*(लहान<६)) करा. डेटाबेसवर चालणाऱ्या रिपोर्टिंग सॉफ्टवेअरमध्ये गंमत वेगळी: तिथं रिकामी नोंद बऱ्याचदा 'हो'मध्येही येत नाही आणि 'हो नसलेल्यां'तही नाही. दोन्ही याद्यांची बेरीज करून एकूण घरांशी ताडून बघा, फरक निघाला तर तो रिकाम्यांचा.

तारखांचं थोडक्यात. हंगाम दोन वर्षांत पसरलेला असतो, म्हणून वर्षावर फिल्टर लावला की तो मधोमध तुटतो. १ ऑक्टोबर २०२३ पासून पुढे आणि १ मे २०२४ च्या आधी, असं लिहा. '३० एप्रिलपर्यंत' लिहिलंत आणि नोंदीत वेळही असेल, तर ३० तारखेला दिवसभरात भरलेले फॉर्म गळतात.

नावांचंही तेच. २०२३ मध्ये उस्मानाबादचं धाराशिव झालं, औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर. जुना-नवा सर्व्हे एकत्र केला की दोन्ही नावं 'किंवा'नं घ्यावी लागतात. आमच्या गावाचं तर अंबाजोगाई, आंबाजोगाई, अंबेजोगाई असं तीन तऱ्हेनं लिहिलेलं मी एकाच फायलीत पाहिलंय. फॉर्ममध्ये टाइप करायला न देता यादीतून निवडायला लावा, अर्धी डोकेदुखी तिथंच जाते.

यादी पाठवण्याआधी मी शीटच्या तळाशी सहा खोटी घरं लिहिते: एक सगळ्या अटींत बसणारं, एक फक्त म्हातारं माणूस असलेलं, एक वय रिकामं असलेलं, एक नेमकं साठ वर्षांचं, अशी. कोणती यायला हवीत ते आधी कागदावर लिहायचं, मग फिल्टर चालवायचं. नंतर त्या ओळी आठवणीनं पुसा. एकदा माझ्याकडून राहिल्या, आणि आमची कार्यकर्ती 'चाचणीबाई, वय १०४' यांचं घर विचारत अख्खी वस्ती फिरून आली.