रंगीत वाळूचे भित्तिचित्र: सोलापुरी चादरीच्या नक्षीपासून सुरुवात

वाळूचे भित्तिचित्र बिघडते ते बहुतेक वेळा वाळू निवडतानाच. आपल्याकडची नदीची वाळू काळ्या दगडाच्या मुलखातली, म्हणून मुळातच काळपट. तिच्यावर काळा, मरून, गडद निळा झकास बसतो. पिवळा किंवा गुलाबी चढवायला गेलात तर मातकटच दिसणार. फिक्या रंगांसाठी फिश टँकच्या दुकानातली बारीक पांढरी वाळू घ्या. दोन बाय तीन फुटांच्या चित्राला दोन्ही मिळून तीन किलो पुरे.

वाळू पाणी नितळ येईपर्यंत धुवा. शेवटचे धुणे बोअरच्या जड पाण्याने नको, क्षारांची पांढरी झाक राहते. कडक वाळल्यावर आधी रव्याच्या चाळणीने चाळा, मग खाली आलेली मैद्याच्या चाळणीने. मैद्याच्या चाळणीवर उरते ती आपली वाळू. खाली पडलेली धूळ टाकून द्या; ती डिंक पिऊन टाकते आणि वरचे कण सुटे राहतात.

एक किलो वाळूला तीन मोठे चमचे ॲक्रिलिक रंग आणि दोन चमचे पाणी. हातमोजे घालून परातीत चोळा, प्लास्टिकवर सावलीत पसरा आणि अर्धवट सुकली की गोळे हाताने फोडा. पूर्ण वाळल्यावर फोडायला गेलात तर रंगाचे टवके निघतात. रांगोळीचे रंग स्वस्त पडतात, पण त्यातले बरेचसे ओल्या डिंकात फुटतात आणि गुलाबी तर उन्हात उडतोच. गेरू मात्र बिनधास्त वापरा, तो लोहाचा रंग आहे, टिकतो.

फळी १२ मिमी प्लायवूडची. प्रायमर पुढून-मागून दोन्हीकडे लावा, एकाच बाजूला लावला तर फळी वाकते.

नक्षी कोणती? पहिल्याच खेपेला मोर किंवा देवाचा चेहरा घेऊ नये. तीन मिलिमीटरपेक्षा बारीक रेघ वाळूत उठत नाही, त्यामुळे डोळे-ओठ हमखास फसतात. सोलापुरी चादरीची नक्षी यासाठी अगदी सोयीची: जकार्डवर, म्हणजे नक्षी उठवणाऱ्या मागावर, विणल्यामुळे फुलाच्याही कडा पायऱ्या-पायऱ्यांच्या असतात. घरातल्या चादरीचे एक फूल आलेखाच्या कागदावर चौकोन मोजून उतरवा, एका चौकोनाला फळीवर एक सेंटिमीटर धरा. आखणी झाली की प्रत्येक भाग त्याच्या वाळूच्याच रंगाने साधा रंगवून घ्या. हे काम कंटाळवाणे आहे, पण टाळू नका. नाहीतर कणांच्या फटींतून पांढरा प्रायमर डोकावतो.

आता चिकटवणे. फेव्हिकॉल तीन भाग, पाणी एक भाग. गडद रंग आधी, कारण तेव्हा शेजारचे भाग कोरडे, गुळगुळीत असतात आणि सांडलेला कण फडक्याने निघतो. सरळ कडेला मास्किंग टेप लावा. ब्रशने तळहाताएवढ्याच भागाला डिंक लावायचा आणि लगेच चमच्याने वाळू भरपूर ओतायची. कागदाने अलगद दाबायची. एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात पंख्याखाली तर डिंकावर दोन-तीन मिनिटांत साय धरते आणि वाळू नुसती वर बसून राहते. तेव्हा पंखा बंद, काम सकाळी. डिंक ओला असतानाच टेप काढा, वाळल्यावर काढला तर कड तुटते. तासा-दोन तासांनी फळी उभी करून मागून टिचक्या मारा, सुटी वाळू त्याच रंगाच्या डब्यात परत. टक्कल दिसेल तिथे दुसरा थर द्या. एक रंग पुरता वाळल्याशिवाय दुसऱ्याला हात लावू नका.

सगळे झाल्यावर एक दिवस राहू द्या. मग एक भाग फेव्हिकॉल आणि चार भाग पाणी गाळून स्प्रे बाटलीत भरा, दीड फुटावरून हलके फवारे द्या, दोन-तीनदा, मध्ये सुकवून. ब्रश फिरवला की कण ओढले जातात. चकचकीत वार्निश लावले तर वाळू ओली दिसते, मॅट बरे.

चौकटीसह वजन सहा-सात किलो भरते, तेव्हा खिळ्यावर भिस्त नको; भिंतीत प्लग ठोकून दोन स्क्रू घ्या. ओल येणारी भिंत आणि कूलरच्या समोरची जागा टाळा. साधा फेव्हिकॉल पाण्याने मऊ पडतो. धूळ कोरड्या मऊ ब्रशने झटका, ओले फडके कधीच नको.