जर्मन ऑफिसातलं एक्सेल, पॉवरपॉइंट आणि ॲक्सेस: नवीन आलेल्यांसाठी

पुण्याहून श्टुटगार्टला किंवा म्युनिकला नोकरीसाठी आलेल्या माणसाला एक्सेल शिकवायची गरज नसते. तरीही पहिल्या आठवड्यात बहुतेकांची गाडी अडते. कंपनीचा लॅपटॉप जर्मन विंडोज आणि जर्मन ऑफिस घेऊन हातात येतो. पाठ असलेला फॉर्म्युला चूक दाखवतो आणि पुण्याच्या टीमने पाठवलेले आकडे हजारपट होतात. कामाला लागण्याआधी काही गोष्टी समजून घेतल्या तर हे टळतं.

पहिली गोष्ट अशी की इथे दोन वेगळी सेटिंग्ज काम करतात. मेनू आणि फंक्शनची नावं ऑफिसच्या भाषेवरून ठरतात. दशांशचिन्ह, हजाराचं चिन्ह, तारखेचा क्रम आणि फॉर्म्युल्याचे भाग तोडणारं चिन्ह विंडोजच्या रिजनवरून, म्हणजे देश-प्रदेशाच्या सेटिंगवरून, ठरतं. त्यामुळे डाटाय, ऑप्सिओनेन, श्प्राखे (फाइल, पर्याय, भाषा) या वाटेने ऑफिस इंग्रजी करून घेतलं तरी फॉर्म्युल्यात स्वल्पविरामाऐवजी सेमिकोलनच द्यावं लागतं, कारण स्वल्पविराम इथे दशांशचिन्ह आहे. ऑफिसची भाषा खुशाल इंग्रजी करा. रिजन मात्र जर्मनीच ठेवा. तो भारतावर टाकलात तर तुमचा त्रास संपेल, पण तुम्ही सेव्ह केलेली प्रत्येक सीएसव्ही (स्वल्पविरामासारख्या चिन्हाने कॉलम तोडलेली साध्या मजकुराची फाइल) शेजारच्या टेबलावर बिघडेल.

ऑफिस जर्मनच ठेवलं तर व्हीलुकअप म्हणजे एसफेरवाइस, इफ म्हणजे वेन, सम म्हणजे झुम्मे, काउंटइफ म्हणजे त्सेलेनवेन, इफएरर म्हणजे वेनफेलर. एसफेरवाइसच्या शेवटी फॉल्स लिहायचं असतं तिथे सरळ ० लिहा. ते सगळ्या भाषांत चालतं. नेटवरून उचललेला इंग्रजी फॉर्म्युला जर्मन एक्सेलमध्ये तसाच चिकटवला तर नावाची चूक येते. उलट बाजूने, जर्मन सहकाऱ्याचा फॉर्म्युला इंग्रजीत बघायचा असेल तर ती सेल निवडा, ऑल्ट-एफ११ दाबा, मग कंट्रोल-जी. उघडलेल्या खिडकीत प्रश्नचिन्ह, त्याला लागून ॲक्टिव्हसेल, टिंब आणि फॉर्म्युला असं इंग्रजी लिपीत लिहून एंटर दाबलं की इंग्रजी रूप समोर येतं.

एक्सेलची स्वतःची फाइल एका देशातून दुसऱ्या देशात बिनधास्त पाठवा. आत फंक्शन आणि आकडे तटस्थ रूपात साठवलेले असतात, उघडताना त्या त्या मशीनचं रूप घेतात. अवतरणचिन्हांमधला मजकूर मात्र कोणी बदलत नाही. टेक्स्ट फंक्शनमध्ये वर्षासाठी चार वेळा वाय लिहिलेला फॉर्म्युला भारतात २०२६ दाखवतो. जर्मन रिजनवर तो वायच छापतो, कारण इथे वर्षासाठी जे लागतो आणि दिवसासाठी टी. उपाय सोपा आहे. तारीख तारीखच राहू द्या आणि तिचं रूप सेलच्या फॉरमॅटमधून ठरवा. मजकूरच हवा असेल तर वर्ष, महिना, दिवस वेगवेगळ्या फंक्शनने काढून जोडा.

सर्वांत जास्त नुकसान होतं ते सीएसव्हीवर डबल क्लिक केल्याने. भारतातल्या किंवा अमेरिकी सर्व्हरवरच्या फाइलमध्ये दशांशाला टिंब असतं. जर्मन एक्सेल १.५ ला १ मे समजतं आणि १२.३४५ ला बारा हजार तीनशे पंचेचाळीस. १३.७५ ची तारीख होऊ शकत नाही, म्हणून ते मजकूर म्हणून पडून राहतं आणि बेरजेतून गुपचूप गळतं. म्हणजे एकाच कॉलममध्ये तीन प्रकारचा बिघाड, आणि चूक झाल्याचा इशारा एकही नाही. एकदा तारीख झाली की फॉरमॅट बदलून मूळ आकडा परत मिळत नाही. आत तारखेचा अनुक्रमांक बसलेला असतो.

म्हणून सीएसव्ही कधी उघडायची नाही, आत आणायची. रिकामी फाइल घ्या, डाटेन टॅबवर जा, आउस टेक्स्ट सीएसव्ही निवडा. डाटायउर्श्प्रुंगमध्ये ६५००१, म्हणजे यूटीएफ-८ (सगळ्या लिप्यांची अक्षरं साठवायची पद्धत), लावा. नाहीतर उमलाउट (अक्षरावरची दोन टिंबं) असलेल्या नावांचा आणि देवनागरी मजकुराचा चुराडा होतो. ट्रेनत्सायशेनमध्ये फाइलमधलं कॉलम तोडणारं खरं चिन्ह निवडा. लगेच लोड न करता डाटेन ट्रान्सफॉर्मीरेन दाबा. उजवीकडच्या पायऱ्यांमध्ये एक्सेलने स्वतःहून टाकलेली प्रकार बदलण्याची पायरी असते, ती फुलीवर क्लिक करून काढा. मग आकड्यांच्या कॉलमच्या डोक्यावर राइट क्लिक, टिप आंडर्न, मिट गेबीट्सशेमा (प्रदेशानुसार प्रकार बदला). तिथे प्रकार दशांश संख्या आणि प्रदेश इंग्रजी, अमेरिका. तारखांचा कॉलम भारतातून आला असेल तर त्याला इंग्रजी, भारत लावा. दर महिन्याला तीच फाइल येत असेल तर ही क्वेरी, म्हणजे या पायऱ्यांची साखळी, जपून ठेवा, पुढच्या वेळी नुसतं रिफ्रेश पुरतं.

पिनकोडच्या कॉलमला याच पायरीवर मजकूर हा प्रकार द्या. ड्रेस्डेनचा ०१०६७ हा आकडा झाला की १०६७ उरतो आणि पत्र परत येतं. लांबलचक ऑर्डर क्रमांकांनाही हेच लागू. एक्सेल १५ अंकांपर्यंतच अचूक राहतं, पुढच्या अंकांची शून्यं होतात.

जर्मन ऑफिसात तारखेपेक्षा आठवड्याचा क्रमांक जास्त बोलला जातो. माल कधी येणार विचारलं तर उत्तर मिळतं, काव्हे ४२, म्हणजे ४२ वा आठवडा. इथला आठवडा सोमवारी सुरू होतो आणि ४ जानेवारी ज्या आठवड्यात येते तो पहिला. एक्सेलचं साधं वीकनम रविवारपासून मोजतं आणि १ जानेवारीला पहिला आठवडा धरतं. २०२६ मध्ये दोन्ही बहुतेक दिवस जुळतात, त्यामुळे चूक कळत नाही. २०२७ मध्ये १ जानेवारीला शुक्रवार आहे, म्हणजे जर्मन हिशेबाने तो २०२६ चा ५३ वा आठवडा. तिथून पुढे वीकनम वर्षभर एक आठवडा पुढे धावेल. आयएसओवीकनम वापरा, जर्मनमध्ये ते आयएसओकालेंडरवोखे.

पॉवरपॉइंट

कंपनीचा टेम्पलेट असतोच. त्यात मजकूर लिहायचा तो आधीच आखलेल्या चौकटींत. स्वतःची टेक्स्टबॉक्स टाकून लिहिलंत तर लेआउट बदलल्यावर तेवढा मजकूर जागचा हलत नाही, आणि आउटलाइन व्ह्यूमध्येही दिसत नाही. जुन्या स्लाइड आणताना पेस्ट करायच्या पर्यायांत समोरच्या फाइलची थीम वापरणारा निवडा. नाहीतर जुना मास्टर, म्हणजे स्लाइडचा मूळ साचा, मागोमाग येतो आणि महिन्याभरात एका फाइलमध्ये पाच-सहा मास्टर गोळा होतात. आन्सिष्ट टॅबमधल्या फोलियनमास्टरमध्ये जाऊन नको ते काढता येतात.

एक्सेलचा चार्ट पेस्ट करताना जास्त काळजी घ्या. पेस्टच्या पर्यायांत वर्कबुक एम्बेड करणारा पर्याय घेतला की चार्टमागे अख्खी वर्कबुक स्लाइडमध्ये येते, इतर शीट्ससकट. ग्राहकाने चार्टवर राइट क्लिक करून डेटा उघडला की तुमच्या खर्चाचे दर त्याच्यासमोर. लिंकचा पर्याय घेतला तर फाइल हलवल्यावर लिंक तुटते. बाहेर पाठवायच्या सादरीकरणात चार्ट चित्र म्हणूनच पेस्ट करावा. पाठवण्याआधी डाटाय, इन्फॉर्माट्सिओनेन, डोकुमेंट प्र्यूफन या वाटेने नोट्स आणि कॉमेंट्सही काढा. हे करायला कोणालाच वेळ नसतो, आणि लाज नेमकी तिथेच जाते.

आकडे लिहिताना लाख-कोटी इथे नाहीत, हे सगळ्यांना माहीत असतं. फसगत बिलियनमध्ये होते. इंग्रजी बिलियन म्हणजे १०० कोटी, त्याला जर्मनमध्ये मिलियार्ड म्हणतात. जर्मन बिलियन म्हणजे एक लाख कोटी. जर्मन स्लाइडवर मिओ (मिलियन) आणि मर्ड (मिलियार्ड) ही संक्षेपं वापरा आणि प्रत्येक चार्टवर एकक लिहा.

सादर करताना एफ५ ने सुरुवातीपासून, शिफ्ट-एफ५ ने चालू स्लाइडपासून. टिंबाची की दाबली की पडदा काळा होतो. १२ टाइप करून एंटर दाबलं की थेट बारावी स्लाइड. कीबोर्डवर वाय आणि झेड यांची अदलाबदल आहे हे लक्षात ठेवा. अनडू करायला गेलात आणि जुन्या सवयीची की दाबली तर रीडू होतं. ॲट-द-रेटचं चिन्ह ऑल्ट-जीआर आणि क्यू.

ॲक्सेस

मध्यम आकाराच्या जर्मन कंपन्यांत ॲक्सेसचे (ऑफिसमधल्या डेटाबेस प्रोग्रामचे) जुने डेटाबेस अजून जोरात चालतात, आणि ते ज्याने बांधले तो निवृत्त झालेला असतो. असा एखादा तुमच्या गळ्यात पडला तर आधी प्रत काढा. मग बघा, टेबलं आणि फॉर्म एकाच फाइलमध्ये आहेत का. असतील तर वेगळे करा: टेबलं नेटवर्कवर, फॉर्म आणि क्वेरींची फाइल प्रत्येकाच्या मशीनवर स्वतंत्र. सगळे एकच फाइल उघडत असतील तर ती कधी ना कधी बिघडणारच. टेबलांची फाइल वनड्राइव्हच्या सिंक होणाऱ्या फोल्डरमध्ये ठेवू नका. घरून व्हीपीएन आणि वायफायवर थेट उघडूही नका, लिहिताना जोडणी तुटली की फाइल खराब होते. घरून काम असेल तर ऑफिसातल्या मशीनवर रिमोट डेस्कटॉपने जा. फाइलची मर्यादा २ जीबी आहे, आणि नोंदी पुसल्याने आकार कमी होत नाही. त्यासाठी सगळ्यांना बाहेर काढून कॉम्पॅक्ट अँड रिपेअर चालवावं लागतं.

क्वेरीच्या डिझाइन व्ह्यूमध्ये सेमिकोलन आणि वेन चालतं. एसक्यूएल (क्वेरी लिहायची भाषा) व्ह्यूमध्ये त्याच जागी स्वल्पविराम आणि इंग्रजी आयआयएफ लागतं. व्हीबीएमध्ये (ऑफिसच्या प्रोग्रामिंग भाषेत) एसक्यूएलची ओळ जोडून बनवता तिथे खरी मेख आहे. दशांश संख्या ओळीत नुसती जोडली तर ३,५ अशी येते, ॲक्सेस ती दोन वेगळ्या किमती समजतं. एसटीआर फंक्शनमधून घातली की टिंब येतं. तारीख हॅशच्या मध्ये वर्ष-महिना-दिवस या क्रमाने द्या. ०३/०४/२०२६ असं दिलं तर ॲक्सेस ४ मार्च वाचतं, रिजन कुठलाही असो. २५/०४/२०२६ मात्र बरोबर वाचतं, कारण पंचविसावा महिना नाही. त्यामुळे महिन्याच्या उत्तरार्धात चाचणी घेतली तर सगळं ठीक वाटतं.

डेटाबेसमध्ये माणसांची माहिती येणार असेल तर आधी डेटा संरक्षण अधिकाऱ्याला विचारा. डीएसजीव्हीओ, म्हणजे युरोपचा डेटा संरक्षण कायदा (जीडीपीआर), २५ मे २०१८ पासून लागू आहे आणि इथे तो गांभीर्याने घेतात. कोणी दिवसाला किती तिकिटं (नोंदवलेल्या तक्रारी) बंद केली असा तक्ता हौसेने बनवायला जाल, तर जिथे कामगार प्रतिनिधींची बेट्रिब्सराट आहे तिथे तिची संमती लागते. कर्मचाऱ्यांच्या कामावर नजर ठेवू शकेल अशा तांत्रिक साधनाबाबत तिला कायद्याने सहनिर्णयाचा अधिकार आहे, आणि तुमची ॲक्सेसची छोटी फाइलही त्यात मोडू शकते. फॉर्म बांधायला घेण्याआधी बॉसकडून लेखी विचारून घ्या.