नोकरी सांभाळून ब्लॉग लिहायचाय? आधी कागद बघा

जळगाव एमआयडीसीत कामाला असा, भुसावळला रेल्वेत असा नाहीतर धडगावकडे झेडपीच्या शाळेवर, रात्री घरी बसून ब्लॉग लिहावासा वाटत असेल तर जरूर लिहा भो. अहिराणीवर, केळीवर, इथल्या कामधंद्यावर नेटवर अजून खूप लिहायचं बाकी आहे आणि ते आपल्याशिवाय कोण लिहिणार.

पण आधी अपॉइंटमेंट लेटर काढा. गोपनीयता, दुसरा कामधंदा, सोशल मीडिया असं जे काही असतं ते बहुतेक मागच्या पानांवर असतं आणि सही करताना ती पानं कोणी वाचत नाही. दुसरा धंदा करणार नाही असं लिहून दिलं असेल तर ब्लॉगवर जाहिराती लावून पैसे घेणं पण त्यात धरलं जाऊ शकतं, तेव्हा ते आधी विचारून घ्या. कंपनीची पॉलिसीच नसेल तर एचआरला मेल टाका, साहेब तोंडी "लिही रे, काही होत नाही" म्हटले तरी मेलवर घ्या, कारण साहेबांची बदली झाली की तो शब्द कोणाला दाखवणार?

सरकारी नोकरीत जास्त जपायचं. राज्याच्या कर्मचाऱ्यांना वर्तणूक नियम 1979 चे, रेल्वेवाल्यांना 1966 चे, दोन्हीत सरकारच्या धोरणावर जाहीर टीका चालत नाही. जुलै 2025 मधे राज्याने सोशल मीडियावर वेगळा जीआर काढलाय, त्यात पर्सनल आणि ऑफिसचं अकाउंट वेगळं ठेवायला सांगितलंय, आणि तो कंत्राटी लोकांना पण लागू आहे, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं.

लिहिताना मोबाईल आपला, वेळ आपला. नोकरीचा भाग म्हणून जे लिहिलं त्याचा कॉपीराइट 1957 च्या कायद्याने, वेगळा करार नसेल तर, मालकाचा असतो, म्हणून ट्रेनिंगची पीपीटी तुम्हीच बनवलेली असली तरी ब्लॉगवर टाकू नका.

फोटो तर झूम करून बघाच. डाळ मिलमधे पॅकिंगचा फोटो काढला, तूरडाळ झकास दिसतेय, पण मागच्या कट्ट्यावर, म्हणजे पोत्यावर, माल घेणाऱ्या पार्टीचं नाव आणि भिंतीवरच्या बोर्डावर आजचा डिस्पॅच, म्हणजे कोणाला किती माल गेला ते सगळं बाहेर. पतसंस्थेत असाल तर स्क्रीनवरचं खातं, शाळेत असाल तर पोरांचे चेहरे बघा.

टोपणनावावर विसंबू नका, एरंडोल-पारोळ्यासारख्या गावात लिहिण्याच्या ढंगावरून माणूस ओळखू येतो. 2005 मधे आयबीएम या कॉम्प्युटर कंपनीच्या लोकांनी स्वतःच ब्लॉगिंगचे नियम बनवले, त्यात आपली ओळख लपवू नका आणि मतं माझी आहेत, कंपनीची नाहीत असं लिहा असं होतं, मला तेच पटतं. पण ती ओळ टाकली म्हणून गोपनीय माहिती छापायची मुभा मिळत नाही.

पगार थकला किंवा मशीनला गार्ड (हात जाऊ नये म्हणून लावतात ते झाकण) नाही, असं काही असेल तर गप्प बसू नका, पण पोस्टच्या आधी लेखी तक्रार करा. पगारासाठी कामगार आयुक्त कार्यालय, मशीनसाठी औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय.

ब्लॉगच्या परवानगीचा अर्ज लांबलचक नको. "मी फावल्या वेळात, स्वतःच्या मोबाईलवरून केळी पिकावर ब्लॉग लिहितो, त्यात कार्यालयाची माहिती नसते, जाहिराती नाहीत, कृपया परवानगी मिळावी." एवढं पुरे. दोन प्रती न्या, एक आवकमधे द्या, दुसरीवर शिक्का आणि तारीख घेऊन लेटरच्या फाईलीतच लावून ठेवा.